खिडकी फुटेपर्यंत

आधीच सांगून ठेवते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि मराठी ही आमची थर्ड लँग्वेज होती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको. मराठी विभागाला लेख कमी पडतायत म्हणून मेसच्या रांगेत मला पकडलं आणि "कविता सोडून काहीही दे" असं सांगितलं. तर हे ते काहीही.

गोष्ट सुरू होते माझ्या मिनी ड्राफ्टरपासून. फर्स्ट इयरला ग्राफिक्सची शीट करताना पट्टीवर पेनाच्या शाईचे डाग पडले. रूममेटची नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली टेबलावर होतीच. कापसाने पुसलं, डाग गेले, मी खूश. थोड्या वेळाने बघते तर पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा उमटलेल्या, आणि दोन दिवसांत स्क्रूच्या भोकापासून पट्टीला सरळ तडा गेला. वर्कशॉपचे काका म्हणाले, "अगं, ते ॲक्रिलिक आहे. त्याला ॲसिटोन लावतात का?" नवीन ड्राफ्टरचे पैसे घरून मागताना कारण काय सांगायचं हा वेगळाच प्रॉब्लेम होता. असो.

त्या जाळ्याला क्रेझिंग म्हणतात. आणि याच ॲक्रिलिकच्या, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच्या, म्हणजे आपल्या बाईकच्या टेललाइटच्या आणि दुकानाच्या पाटीच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून माणसं समुद्राच्या तळाशी जाऊन बाहेर बघतात, हे मला यावर्षी सेमिनारचा विषय शोधताना कळलं. मी आधी हसले. नेलपॉलिश रिमूव्हरने मरणारी वस्तू सहा किलोमीटर पाण्याखाली माणसांचा जीव सांभाळणार?

दाबाचं गणित आपल्याला पाठ आहे. दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. ६००० मीटरवर ६०० पट, म्हणजे ६० मेगापास्कलच्या आसपास. जगातल्या सगळ्यात खोल जागी, पॅसिफिकमधल्या चॅलेंजर डीपला, जवळजवळ ११० मेगापास्कल. पाणबुडीच्या आत मात्र आपल्या खोलीतला नेहमीचा दाब. खिडकीच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माणसाचं नाक.

सुरुवातीला लोकांनी काचच वापरली. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन १९३० ते १९३४ या काळात बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली जायचे. गोळा जहाजाला तारेने टांगलेला असायचा. खिडक्या वितळवून बनवलेल्या क्वार्ट्झच्या, आठ इंच व्यासाच्या, तीन इंच जाडीच्या. १९३२ मध्ये त्यांनी एक नवी खिडकी बसवली आणि आधी गोळा रिकामाच खाली सोडून पाहिला. वर आला तो पाण्याने भरून. आतलं पाणी इतक्या दाबाखाली होतं की झाकणाचा बोल्ट सैल करताच तो बंदुकीच्या गोळीसारखा डेकवरून उडाला. आत माणसं असती तर काय झालं असतं याचा विचार न केलेलाच बरा. गोळा रिकामा पाठवायची ती एक फेरी म्हणजे टेस्टिंग. १९३४ मध्ये हेच दोघं ९२३ मीटरपर्यंत जाऊन सुखरूप वर आले.

काचेचा त्रास असा की ती आधी काही सांगत नाही. पोलादाच्या बैठकीत कुठे एक कण अडकला, कुठे बारीकसा उंचवटा राहिला, की त्याच जागी सगळा ताण गोळा होतो आणि काच तडकते. ऑग्युस्त पिकार्ड यांनी (हेच ते बलूनमधून स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाणारे प्रोफेसर) हे ओळखलं आणि प्लेक्सिग्लास घेतला. प्लेक्सिग्लास म्हणजे ॲक्रिलिकच. त्यांचं म्हणणं सोपं होतं: हे प्लॅस्टिक जिथे जास्त दाबलं जाईल तिथे थोडं नमतं घेतं, आणि भार शेजारच्या भागावर जातो. आपल्याकडे भांडणात समजूतदार माणूस करतो तेच.

आकार त्यांनी निवडला बुचाचा. टोक कापलेला शंकू, रुंद तोंड समुद्राकडे, अरुंद तोंड माणसाकडे. पाण्याच्या टाकीच्या तळाचं रबरी बूच आठवा. वरून पाणी जितकं दाबेल तितकं ते भोकात घट्ट बसतं. तसंच हे. खोल जाऊ तशी खिडकी स्वतःच स्वतःला आवळते. पिकार्ड यांच्या खिडकीची मापं अशी: आतला व्यास १० सेंटिमीटर, बाहेरचा ४०, जाडी १५. आता हे कॅल्क्युलेटरवर टाका. बाहेरच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १२५७ चौरस सेंटिमीटर. चॅलेंजर डीपचा दाब लावला की भार येतो जवळजवळ १४०० टन. भरलेली एसटी १६ टनांची धरली तर ८७ एसट्या, एका प्लॅस्टिकच्या बुचावर. मी हे हॉस्टेलमध्ये सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, म्हणून पूर्ण गणित दिलं.

आणि ती खिडकी टिकली. २३ जानेवारी १९६० रोजी पिकार्ड यांचा मुलगा झाक आणि अमेरिकन नौदलाचा डॉन वॉल्श हे दोघं 'ट्रिएस्ट'मधून चॅलेंजर डीपच्या तळाला टेकले. वाटेत साधारण ९००० मीटरवर मोठा आवाज होऊन सगळं यान हादरलं होतं. तळाला गेल्यावर कळलं की आत शिरायच्या बोगद्याच्या खिडकीला तडा गेलाय. बोगदा प्रवासात पाण्यानेच भरलेला असतो, त्यामुळे बसायच्या गोळ्याला धोका नव्हता. पण वर आल्यावर बोगद्यातलं पाणी बाहेर काढता आलं नाही तर दोघांनी दार कसं उघडायचं, हा प्रश्न होता. त्यांनी तळाशी वीसेक मिनिटंच काढली आणि निघाले. वर आल्यावर हळूहळू हवा सोडून बोगदा रिकामा केला. गोळ्याच्या शंकूच्या खिडकीला काही झालं नव्हतं.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की झालं, फॉर्म्युला मिळाला, जाडी काढा, खिडकी कापा. मलाही तसंच वाटलं होतं. सेकंड इयरच्या एसओएमच्या व्हायव्हात एक्स्टर्नलनी विचारलं होतं, "ॲक्रिलिकची स्ट्रेंग्थ किती?" मी पुस्तकातला आकडा सांगितला. ते म्हणाले, "किती वेळासाठी?" मला प्रश्नच कळला नाही. मी गप्प. त्यांनी पुढच्या रोल नंबरला बोलावलं.

आता कळतोय तो प्रश्न. पोलादाचा तुकडा सकाळी ताणा की संध्याकाळी, घाईत ताणा की सावकाश, खोलीच्या तापमानाला उत्तर जवळपास तेच येतं. ॲक्रिलिकचं तसं नाही. भराभर ताणलं तर जास्त भार घेतं, सावकाश ताणलं तर कमी भाराला तुटतं. भार तसाच ठेवून तुम्ही जेवायला गेलात तर परत येईपर्यंत ते थोडं लांबलेलं असतं. यालाच क्रीप म्हणतात. उन्हात ठेवलं तर मऊ, थंडीत कडक. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास तर ते काच राहतच नाही, रबरासारखं होतं. म्हणजे 'स्ट्रेंग्थ' हा एक आकडा नाहीच. किती दाब, किती वेळ, किती तापमान, कितव्यांदा, हे सगळं सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. पाणबुडीच्या खिडकीसाठी घेतलेल्या ॲक्रिलिकची कॉम्प्रेशनमधली यील्ड स्ट्रेंग्थ किमान १०३ मेगापास्कल असावी असा नियम आहे. चॅलेंजर डीपचा दाब जवळजवळ ११०. पुस्तकाप्रमाणे खिडकीचा चेंदामेंदा व्हायला हवा! होत नाही, कारण शंकूच्या चहूबाजूंनी धातूची बैठक तिला आवळून धरते. सगळीकडून दाबलेली वस्तू एकाच बाजूने दाबलेल्या वस्तूपेक्षा खूप जास्त सोसते. पण आतलं छोटं तोंड मोकळं असतं. तिथे कोणी आवळत नाही. म्हणून ते तोंड टूथपेस्टसारखं हळूहळू आत फुगायला बघतं. बैठकीचा कोन किती, घर्षण किती, ग्रीस लावलंय का, जाडी आणि आतल्या व्यासाचं प्रमाण किती, यावर ते फुगणं ठरतं. हे सगळं एका समीकरणात कोंबणं १९६० च्या दशकात तर शक्यच नव्हतं. आज फायनाइट एलिमेंटमध्ये करता येतं, पण क्रीप आणि काँटॅक्ट दोन्ही एकदम टाकले की सॉफ्टवेअर काय करतं ते ज्यांनी प्रोजेक्टला वापरलंय त्यांना विचारा. शिवाय त्यात टाकायचे आकडे शेवटी कोणीतरी काहीतरी फोडूनच मिळवलेले असतात.

जेरी स्टॅच्यू या इंजिनिअरने नेमकं तेच केलं. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्युनीमी इथल्या अमेरिकन नौदलाच्या सिव्हिल इंजिनिअरिंग प्रयोगशाळेत त्याने १९६० च्या दशकात खिडक्या फोडायला सुरुवात केली. प्रेशर व्हेसल म्हणून काय वापरलं माहितीये? युद्धनौकेच्या १६ इंची तोफेचे गोळे. आत दारूऐवजी पाणी. मला हा सगळ्यात आवडलेला भाग आहे, कारण हे अगदी आपल्या वर्कशॉपमध्ये शोभेल असं आहे.

पद्धत अशी. ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंश कोनाच्या, वेगवेगळ्या जाडीच्या शंकूच्या खिडक्या बनवायच्या. एकेक खिडकी पोलादी बैठकीत बसवायची. पंपाने पाण्याचा दाब एकाच ठरलेल्या वेगाने वाढवत न्यायचा, मिनिटाला ६५० पीएसआय, म्हणजे साधारण साडेचार मेगापास्कल. आतल्या छोट्या तोंडाचा मध्यबिंदू किती पुढे सरकला ते मोजत राहायचं. आणि थांबायचं नाही. खिडकी फुटेपर्यंत. ज्या दाबाला फुटली तो लिहून ठेवायचा, दुसरी खिडकी लावायची. १९६७ मध्ये या शंकूच्या खिडक्यांचा पहिला रिपोर्ट आला. त्यात जाडी-व्यासाचं प्रमाण एका अक्षावर आणि फुटायचा दाब दुसऱ्या अक्षावर असे आलेख होते. आजही डिझाइन करणारे लोक याच धर्तीच्या आलेखांवरून सुरुवात करतात.

पण मिनिटाला साडेचार मेगापास्कल म्हणजे किती वेग? ४५० मीटर खोली एका मिनिटात. 'ॲल्व्हिन'सारखं खरं यान मिनिटाला जेमतेम तीस मीटर उतरतं आणि मग तळाशी तासन्‌तास थांबतं. म्हणजे ही टेस्ट खिडकीला तिचा चांगला चेहरा दाखवायची संधी देते. हे स्टॅच्यूला माहीत होतं, म्हणून त्याने पुढची पायरी घेतली: दाब चढवायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. शंकूच्या खिडक्यांवर २०,००० पीएसआय, म्हणजे चॅलेंजर डीपपेक्षाही जास्त, हजार हजार तास. हजार तास म्हणजे एक्केचाळीस दिवसांहून जास्त. आपल्याला क्युरिंगसाठी काँक्रीटचे क्यूब अठ्ठावीस दिवस ठेवायचे तरी कंटाळा येतो. तिसरी तऱ्हा म्हणजे दाब चढवा, उतरवा, चढवा, उतरवा. हा भाग वाचताना मला पट्टीचा तडा आठवला. दाब असताना ॲक्रिलिक नव्या आकारात सैलावून बसतं. दाब अचानक काढला की त्याला परत यायचं असतं, आणि येताना बैठकीच्या कडेला ताण पडतो. दाबात जी गोष्ट मजबूत आहे ती ताणात फार कच्ची आहे. तडे तिथूनच सुरू होतात, खोल समुद्रात नाही तर वर येताना.

या सगळ्या फुटलेल्या खिडक्यांमधून एएसएमईचं पीव्हीएचओ हे स्टँडर्ड तयार झालं, माणसं बसणाऱ्या प्रेशर व्हेसलसाठीचं. पहिली आवृत्ती १९७७ ची. त्यात खिडकीची जाडी काढताना कन्व्हर्जन फॅक्टर वापरतात: वापरायच्या दाबाला त्याने गुणायचं, आणि झटपट टेस्टमध्ये खिडकी फुटायचा दाब निदान तेवढा असायला हवा. शंकूच्या खिडकीला थंड पाण्यात हा फॅक्टर चार-पाच असतो, आणि ६६ अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या खिडकीला सोळा! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती घाबरट लोक आहेत. सोळा पट कशाला? मग उमगलं की हा नुसता फॅक्टर ऑफ सेफ्टी नाही. त्यातला मोठा भाग वेळेचा आणि उष्णतेचा हिशोब आहे. ज्या खिडकीला पाच मिनिटं तपासलं तिला दहा वर्षं वापरायचंय, त्याची किंमत.

दहा वर्षं हीसुद्धा नियमातलीच. साधारण खिडकीचं डिझाइन आयुष्य १० वर्षं किंवा १०,००० फेऱ्या. त्याआधी प्रत्येक नव्या खिडकीला, म्हणजे नमुन्याला नाही, खऱ्या लावायच्या खिडकीला, तिच्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली किमान एक तास ठेवतात. चार तासांपेक्षा जास्त नाही, नाहीतर टेस्टच तिला दमवेल. मग बाहेर काढून क्रेझिंग, तडा, आकारातला बदल बघतात. ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून कापलेले तुकडे वेगळे तपासतात: ताण, दाब, आणि न जुळलेला मोनोमर किती उरलाय तेसुद्धा. लेथवर कापल्यावर ओव्हनमध्ये तापवून सावकाश थंड करतात, म्हणजे आत अडकलेला ताण सुटतो. आणि पुसायला साबण-पाणी. ॲसिटोन तर नाहीच, स्पिरिटपण नाही. (माझा ड्राफ्टर!)

तुमच्या खिडकीचा आकार स्टँडर्डमधल्या आकारांत बसत नसेल तर? तर मनाई नाही. पण मग तुम्ही स्वतः स्टॅच्यू व्हायचं. झटपट टेस्टसाठी किमान पाच खिडक्या फोडा, आणखी काही खिडक्या वेगवेगळ्या दाबाखाली फुटेपर्यंत ठेवून द्या, लॉग-लॉग कागदावर बिंदू मांडा, रेघ पुढे वाढवा आणि दाखवा की ती टिकेल. पैसे आणि महिने दोन्ही जातात.

इथे 'टायटन'चा विषय काढावाच लागतो. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिक बघायला निघालेलं ओशनगेट कंपनीचं हे यान अटलांटिकमध्ये चिरडलं आणि पाच माणसं गेली. २०२५ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्ड आणि एनटीएसबी दोघांचे रिपोर्ट आले. त्यांनी दोष मुख्यतः कार्बन फायबरच्या नळकांड्यावर आणि कंपनीच्या कारभारावर ठेवला. खिडकीमुळे अपघात झाला असं कोणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण खिडकीची एक गोष्ट त्यात आहेच. २०१८ मध्ये कंपनीतल्याच डेव्हिड लॉकरिज या अधिकाऱ्याने लेखी आक्षेप घेतले होते. त्यातला एक असा की खिडकी बनवणारा फक्त १३०० मीटरपर्यंतचं सर्टिफिकेट द्यायला तयार आहे, आणि आपण जाणार ४००० मीटरला. खिडकी स्टँडर्ड आकाराची नव्हती, आणि त्यासाठी लागणाऱ्या टेस्टचा खर्च कंपनीला करायचा नव्हता असं त्याचं म्हणणं. त्याला नोकरीवरून काढलं.

हॉस्टेलमध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. एकीचं म्हणणं, खिडकी तर तुटली नाही ना आधी, मग चूक काय? मला उत्तर पटकन सुचलं नाही. नंतर सुचलं: १३०० मीटरचा अर्थ खिडकी १३०१ ला फुटेल असा नाही. त्याचा अर्थ, त्याच्या पुढे काय होईल ते कोणी बघितलेलं नाही.

हे मी बोलून गेले आणि मलाच अवघडल्यासारखं झालं, कारण सेकंड इयरला आमच्या बॅचने काय केलं होतं ते आठवलं. टेन्साइल टेस्टचं प्रॅक्टिकल. आमच्या युटीएमला भार वाढवायचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा असतो. दोन ॲक्रिलिकच्या पट्ट्या, एकाच शीटमधल्या. पहिली एका घाईतल्या मुलाने तोडली, दुसरी मी घाबरत घाबरत. दोन्ही आकड्यांत चांगलाच फरक आला. आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय. शेवटी सीनिअरच्या जर्नलमधला आकडा काढला, आमचे दोन्ही खोडले आणि तो लिहिला. सबमिशन झालं, सही मिळाली. मशीन ठीक होतं. प्लॅस्टिक आम्हाला जे सांगत होतं तेच एक्स्टर्नल व्हायव्हात विचारत होते, "किती वेळासाठी?"

आपल्या देशाचंही यान होतंय. चेन्नईच्या एनआयओटीचं 'मत्स्य ६०००', समुद्रयान मोहिमेतलं. आत २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा, तीन माणसं, ६००० मीटर. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात त्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्यात ५०० मीटरसाठीचा पोलादी गोळा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या 'नॉटील' यानातून अटलांटिकमध्ये गेले, त्यातला एक ५००२ मीटरपर्यंत. टायटॅनियमच्या वेल्डिंगबद्दल पेपरात खूप येतं. खिडक्यांबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिलं.

गेल्या महिन्यात मी पाट्या बनवणाऱ्या दुकानातून ॲक्रिलिकचे वाया गेलेले तुकडे आणले. लॅबच्या काकांना विनवण्या करून सबमिशन नसतानाही मशीन मागितलं. ते म्हणाले, "मार्क मिळणार नाहीत हं याचे." तीन वेगांनी तीन-तीन पट्ट्या तोडल्या, मोबाइलवर वेळ लावून. सावकाश तोडलेल्या तिन्ही पट्ट्या आधी तुटल्या, आणि त्यातल्या एकीवर तुटण्याआधी ते पांढरं जाळं मला डोळ्यांनी दिसलं. नऊच्या नऊ तुकडे शर्टाच्या खोक्यात घालून काकांच्या कपाटात ठेवलेत. कोणाला बघायचे असतील तर दुपारी तीननंतर जा, त्याआधी ते चहाला असतात.